काकूंनी नाव घेतल्याशिवाय दार सोडणार नाही

दादाचं लग्न लागून वरात शाहूपुरीत आमच्या दारात आली, त्या दिवसाची ही गोष्ट. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. नवी वहिनी उंबऱ्याबाहेर, उंबऱ्यावर तांदळाचं माप, आणि करवली म्हणून दार अडवायला मी... पण माझं डोकं असं तापलेलं होतं की विचारू नका.

का तापलं होतं ते आधी सांगते.

आमच्या शेजारी सुमनकाकू राहायच्या. राधानगरीकडच्या, शाळा जेमतेम चौथी. काका गुळाच्या अडतीवर कामाला होते. त्या काळी बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, 'अहो' आणि 'हे' यावर अख्खा संसार निघायचा. नाव घ्यायची मुभा फक्त उखाण्यात... आणि काकू आपले उखाणे स्वतः रचायच्या. दुसरीचा उखाणा त्यांनी जन्मात घेतला नाही.

लग्न होऊन आल्या तेव्हा याच गल्लीत त्यांनी घेतलेला उखाणा आई नेहमी सांगायची.

"राधानगरीचं धरण भरलं काठोकाठ,
वसंतरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

पुढं संसार जुना झाला. काकांना कुस्त्यांचं भारी वेड, मैदान म्हटलं की घरदार विसरायचे. मग एका हळदीकुंकवात काकूंनी सगळ्यांसमोर ऐकवलं...

"दारात उभी राहून दुखायला लागले पाय,
वसंतराव कुस्तीला गेले, घर आठवतंय काय?"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. काका कितीतरी दिवस गल्लीतून मान खाली घालून जात होते म्हणे.

तिसरा मी माझ्या कानांनी ऐकला. काकांची छाती बिघडली होती, खोकून खोकून माणूस अर्धा झाला होता. आमच्याच घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

"आल्याच्या चहाचा घरभर वास,
वसंतरावांचा खोकला थांबला की मला येतो श्वास."

कुणी हसलं नाही. आई वाण द्यायची थांबली होती. पुढं कॉलेजात मी मराठी घेतलं, ढिगानं प्रेमकविता वाचल्या. कित्येक कवी विशीत डोळ्यांवर आणि चांदण्यावर लिहितात, ते साठीतही तिथंच. इथं एक बाई लाजली, मग चिडली, मग घाबरली, आणि ते सगळं तिच्या उखाण्यांत उतरलं. तिला कुणी कवयित्री म्हटलं का? छे. उखाणेच तर ते, बायकांची करमणूक!

मग काका गेले. त्यानंतर काकूंना "नाव घ्या" असं कुणी म्हणालं नाही, हळदीकुंकवाचं बोलावणंही बंद. नवरा गेला तो गेलाच... त्याचं नाव उच्चारायची जी एकच सोय होती, तीही आमच्याच बायकांनी काढून घेतली. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तर दादाचं लग्न. गगनबावड्याहून आलेल्या थोरल्या आत्यांनी सकाळीच बजावलं होतं की सुमननं पुढच्या खोलीत यायचं नाही. काकू गुमान स्वयंपाकघरात नारळ खोवत बसल्या. वरात दारात आली, आणि नव्या वहिनीला पाठ केलेला उखाणा ऐनवेळी आठवेना. आत्या माझ्या कानात म्हणाल्या, जा, सुमनकडनं एक चांगलासा घेऊन ये पळत.

उखाणा चालतो, उखाणा रचणारी चालत नाही!

आत गेले. काकूंनी खोवणं न थांबवता दादाचं नाव घालून छान उखाणा जुळवून दिला. चेहऱ्यावर तक्रार म्हणून नाही. त्यानं तर मी जास्तच पेटले.

बाहेर आले, वहिनीच्या कानात तो उखाणा सांगितला आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. आमच्यात बहीण दार अडवते, 'तुमची मुलगी माझ्या मुलाला देणार का' विचारते, भाऊ हो म्हणतो आणि दार सुटतं. दादा हो म्हणायला तयारच होता.

"मला मुलगी नको," मी म्हणाले. "आधी सुमनकाकू नाव घेतील. मग दार सोडते."

आत्यांचा आवाज वाजंत्र्यांच्या वर गेला. शुभ कार्यात हिच्या तोंडून नाव, घराला अपशकुन, पोरीला कॉलेजात घातलं त्याची फळं... बरंच काही. वडिलांनी, आमच्या आप्पांनी, डोळे वटारले, दादानं हात जोडले. पण करवलीला दारातून ढकलायचा रिवाज नाही, आणि मी हलणार नव्हते.

तेवढ्यात मुंडावळ्यांतून वहिनीनं मान वर केली. "घ्या की काकू," ती म्हणाली. "मी थांबते."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हाताला खोबरं तसंच. नको गं पोरी, म्हणाल्या. मग पदर सावरला, आणि खाली बघतच...

"धरणाचं पाणी ओसरलं, तरी ओली राहते माती,
वसंतराव गेले, नाव तेवढं राहिलं हाती."

मी दार सोडलं. वहिनीनं काकूंनी जुळवून दिलेलाच उखाणा घेतला आणि माप ओलांडून घरात आली. आत्या त्या दिवशी आमच्याकडं जेवल्या नाहीत... न जेवेनात का!

संध्याकाळी मी काकूंना विचारलं, रागावलात का? त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "न्हाय गं. लई दिसांनी हाक मारली त्यास्नी."

आता तुम्हीच सांगा... यात अशुभ काय होतं?