सुखदेवची हजेरी

"तान्हा पोळा. हजर : मारोती, देवा, शालिक, गणपत, रामू, सुखदेव आणि मी."

आमच्या कबड्डी मंडळाच्या वहीतलं हे माझंच अक्षर. आज पेटी आवरताना जुन्या जर्सींचा कुबट वास आला आणि हेच पान उघडलं.

त्या दुपारी मैदानावर आम्ही सहाच होतो. सुखदेव वैनगंगेपलीकडून डोंग्यानं येणार होता.

"लिव ना त्याचं नाव," मारोती म्हणाला. "येऊनच राहिला असन. सासुरवाडीचा पाहुणचार उठू देत नसन लेकाले!"

सगळे हसले. मी यादी पूर्ण करून पंचांना दिली. मग घाटावर बघून यावं, हे कोणाच्या मनातच आलं नाही.

संध्याकाळी उलटा डोंगा सापडला. सुखदेव सापडलाच नाही.

पेटी आवरून झाली. जर्सी उन्हात टाकल्या. त्याची हजेरी खोडायची तेवढी राहिली आहे.