डोकं छाटलेला डोंगर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी कतारमध्ये दुखानकडे बुलडोझर चालवायचो. गावाकडे आई एकटी, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पावसाळ्यात तो डोंगर माती सोडायचा. तिच्यासाठी वर सड्यावर, सपाट कातळावर घर बांधायचं, एवढ्यासाठीच मी इथे आलो होतो. दर पत्रात लिहायचो, ‘यंदा येतो.’ असे चार पावसाळे गेले.

आमचा इंजिनीअर बोलिव्हियाचा. त्याच्या टेबलावर एका बर्फाच्या डोंगराचा फोटो होता. माथा सपाट, सुरीने कापल्यासारखा. मी नाव विचारलं.

“मुरुराता,” तो म्हणाला. नाव त्याच्या आईच्या आयमारा भाषेतलं. अर्थ, डोकं छाटलेला. हा डोंगर म्हणे गर्वाने सगळ्यांपेक्षा उंच वाढला, तेव्हा देवाने गोफणीच्या धोंड्याने त्याचं मुंडकं उडवलं. ते कित्येक कोस लांब जाऊन पडलं आणि तिथे दुसरा डोंगर उभा राहिला.

“छाटलेलं डोकं कुठेतरी पडतंच,” तो म्हणाला. तो हसला नाही. मी मात्र हसलो.

त्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीसाठी एका टेकाडाचा माथा कापायचं काम आलं, तेही माझ्याच वाट्याला. आम्ही कोकणातली माणसं जागेच्या राखणदाराला नारळ दिल्याशिवाय मातीला हात लावत नाही. पण इथला राखणदार कोण, आणि त्याला कुठल्या भाषेत हाक मारायची? मी नसता शहाणपणा केला. आमच्याच डोंगरावरच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, लेकरू परमुलकात इला आसा, हयसर येवन राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सोबतचे दोघे गाववाले ओरडले.

दुपारपर्यंत माथा उतरला. मी इंजिन बंद केलं, तरी घरघर थांबेना. खाली उतरून कान दिला. दगड घरंगळत होते, ओल्या मातीत झाडं कडाकडा मोडत होती. समोर कोरडं ठणठणीत वाळवंट. ना झाड, ना हलणारा खडा. गाववाल्यांना विचारलं, तर त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी आईचं पत्र आलं, शेजाऱ्याच्या अक्षरात. डोंगराचा माथा सुटून खाली आला होता. गोठा गेला, म्हैस गेली, निम्मं घर गेलं. आई विहिरीवर होती म्हणून वाचली. तारीख तीच, मी टेकाड कापलं त्या दिवसाची. शेवटी लिहिलं होतं, ‘देवळात कौल लावलो. राखणदार म्हणे जाग्यार नव्हतो, परमुलकात कोणीतरी बोलवून नेल्यान. असा कोण करता रे झिला?’

ते पत्र मी इंजिनीअरला दाखवलं नाही, माझी छातीच झाली नाही. नारळ घेऊन थेट त्या बोडक्या टेकाडावर गेलो आणि हात जोडून मोठ्याने म्हणालो, “घराक जा रे म्हाराजा, म्हातारी एकटी आसा.”

म्हटलं आणि मला रडू फुटलं. चार पावसाळे ती एकटीच होती. राखणदाराच्या आधी जागा मीच सोडली होती. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.