लेकीच्या गाण्याचं व्हाय-व्हाय

आमची मुलगी दिवसा एका ऑफिसात नोकरी करते आणि संध्याकाळी ओरडते. हे वाक्य माझं, तिचं नाही. ती त्याला रॉक म्हणते. तिचा चौघांचा बँड आहे आणि भोसरीतल्या एका मित्राच्या पत्र्याच्या गाळ्यात त्यांची तालीम चालते. मी एकदा तिला घ्यायला गेलो होतो. ड्रम वाजायला लागल्यावर गाळ्याचे पत्रे असे थडथडले, की मला आमच्या चाकणच्या कंपनीतलं, पत्रा ठोकून पार्ट काढणारं प्रेस शॉपच आठवलं. बाकीचे सगळे कानावर हात ठेवून उभे, आणि मी मात्र निवांत. इतकी वर्षं त्याच तालात जेवलो आहे.

तर मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या घराच्या ग्रुपवर, म्हणजे ती, तिची आई आणि मी एवढ्याच ग्रुपवर, तिनं एक रेकॉर्डिंग टाकलं. खाली लिहिलं होतं, ‘माझं पहिलं स्वतःचं गाणं. पुढच्या शनिवारी चिंचवडला कार्यक्रम. दोघांनी यायचंच.’

मी ते सकाळी कंपनीच्या बसमध्ये इअरफोन कानात घालून ऐकलं. पहिल्यांदा नुसतं प्रेस शॉप ऐकू आलं. दुसऱ्यांदा शब्द लागले.

शिक्का मारायची घाई नको,
पट्टी लावून पाहू नको,
मी थोडी वाकडी आहे,
सरळ करायला येऊ नको.

बस मोशीच्या सिग्नलला थांबली होती आणि माझं काळीजही. मी क्वालिटी डिपार्टमेंटला आहे हो! माझं पोट शिक्का मारण्यावर आणि पट्टी लावण्यावर चालतं. मी वाकडा पार्ट लाल पेटीत टाकतो आणि सरळ पार्ट पुढे पाठवतो. आता या ओळी अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या बापाला लागू होतील, सांगा. त्यात दुसरं कडवं आलं.

पोचले की कळव, म्हणू नको,
मला पोचायचंच नाही कुठे.

ती घरातून निघाली, की वीस-पंचवीस मिनिटांनी माझा मेसेज जातो, ‘पोचलीस का?’ शाळेत होती तेव्हा शाळेच्या ऑफिसात फोन करायचो, आता तिला मेसेज करतो, एवढीच काय ती प्रगती. म्हणजे पुरावा पक्का झाला.

आमच्याकडे गिऱ्हाइकाची तक्रार आली, की तिचं व्हाय-व्हाय करायचं असतं. म्हणजे ‘असं का झालं?’ असं लागोपाठ पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. पार्ट वाकडा का गेला? तपासला नाही म्हणून. का तपासला नाही? मापाचा गेज जागेवर नव्हता म्हणून. असं करत पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं, मग त्यावर सुधारणा करायची आणि गिऱ्हाइकाला कळवायचं. मी बसमध्ये बसल्या बसल्या गाण्याचं व्हाय-व्हाय करायला घेतलं. मुलगी असं का लिहिते? वैतागली म्हणून. का वैतागली? कोणीतरी सारखं तपासतं म्हणून. आमच्यात नियम असा आहे, की मूळ कारण म्हणून माणसाचं नाव लिहायचं नाही, पद्धतीचा दोष लिहायचा. पण इथे पाचही ‘का’ संपले तरी मधे पद्धत कुठे येईचना. मीच येत होतो.

शेजारी मेंटेनन्सचे आमचे जुने सहकारी बसले होते. चाकणजवळच्याच गावचे, वयानं माझ्याहून मोठे, आणि कुठल्याही विषयावर सल्ला तयार. त्यांच्या कानात इअरफोनचं एक बटण घातलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि ठामपणे म्हणाले, “साहेब, पोरगी लग्नाचं सांगतीय.”

“यात लग्न कुठं आहे?”

“आवो, पट्टी लावून पाहू नको म्हंजी काय? कांद्यापोह्याला नका बसवू मला. शिक्का मारू नको म्हंजी, हो म्हनून मोकळं होऊ नका. तिचं ठरलंय कुठंतरी. लिहून घ्या.”

“आणि पोचायचंच नाही कुठे, याचं काय?”

त्यांनी बटण पुन्हा कानात दाबलं. मग म्हणाले, “स्थळ परदेशातलं नको म्हनतीय.”

एवढं गाढ ज्ञान घेऊन मी संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी पोचलो. मुलगी तालमीला गेली होती. बायको तोंड एवढंसं करून ओट्याशी उभी होती.

“ऐकलंत गाणं?” ती म्हणाली. “माझ्यावर लिहिलंय हो तिनं.”

“तुझ्यावर? काहीतरीच. ते माझ्यावर आहे.”

“तुमच्यावर कसं असेल? मी थोडी वाकडी आहे, सरळ करायला येऊ नको. अहो, दात! आठवीत तिच्या दातांना तारा कोणी बसवल्या? मी. किती रडली होती.”

“दातांवर कोण गाणं लिहितं?”

“मग शिक्क्यांवर कोण लिहितं?”

अर्धा तास आम्ही दोघं गुन्हेगार कोण यावर भांडलो. आईबाप एरवी मुलांच्या यशावर हक्क सांगतात. आम्ही अपराधावर सांगत होतो आणि कोणी माघार घेईना. शेवटी तारा तिच्या आणि बाकी सगळं माझं, अशी वाटणी झाली.

आता सुधारणा. आमच्या खात्यात मूळ कारण सापडलं आणि माणूस हातावर हात ठेवून बसला, असं चालत नाही. मी दुसऱ्या दिवसापासून तपासणी बंद केली. ‘पोचलीस का’ बंद. रविवारी तिच्या गाडीची हवा आणि ब्रेक मी स्वतः बघतो, तेही बंद. सकाळी जिन्यात उभं राहून ‘हेल्मेट?’ असं ओरडायचो, ते तोंडात आलेलं गिळायला लागलो. तिनं ऑफिसचं काही सांगितलं, की माझ्याकडे सल्ला तयार असतो. आता मी नुसतं “अच्छा” म्हणायचो. मला वाटत होतं, पोरगी किती मोकळी झाली असेल! मी मात्र आतून उकळत्या दुधासारखा. कंपनीत दर अर्ध्या तासानं फोन हातात घ्यायचो आणि खिशात टाकायचो. मेंटेनन्सवाले म्हणाले, “साहेब, बीपी तपासा.”

तिला याविषयी काही सांगावं, हे मात्र सुचलं नाही. सुधारणा केली की गिऱ्हाइकाला कळवायची असते, हे मीच सगळ्यांना शिकवतो.

गुरुवारी संध्याकाळी ती गाडी ढकलत आली. मागचं चाक बसलं होतं. मी गॅलरीतून पाहिलं, धावत खाली जाणार होतो, पण स्वतःला आवरलं. ती वर आली, हात धुतले, आणि डायनिंग टेबलाशी येऊन आमच्यासमोर बसली.

“मी शनिवारी ते गाणं घेत नाही,” ती म्हणाली. “दुसरी चार गाणी आहेत. तीच गाणार.”

“का गं?” बायकोनं विचारलं.

“बाबाला लागलंय ते. आठवडा झाला, धड बोलत नाही माझ्याशी. एक मेसेज नाही. मी काही सांगितलं की नुसतं अच्छा, अच्छा. आज गाडी ढकलत आले, तर वरून बघत उभा! माझं पहिलं गाणं आहे ते, मला गायचं होतं. पण घरात असं सुतक पाळून नाही गायचं मला.”

तिचा आवाज शेवटी कापला. इतकी वर्षं मी तक्रारी सोडवत आलो, पण एक तक्रार सोडवताना एवढी मोठी दुसरी तयार केल्याचा प्रकार माझ्या हातून प्रथमच घडला होता.

“अगं, राग नाही आला मला,” मी म्हटलं. “ती सुधारणा होती.”

“कसली सुधारणा?”

मग मला सगळं सांगावं लागलं. बस, मोशीचा सिग्नल, पाच ‘का’, बंद केलेली तपासणी. परदेशातलं स्थळही सांगितलं. ती आधी तोंडावर हात ठेवून ऐकत होती, मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

“बाबा, तू माझ्या गाण्याचं व्हाय-व्हाय केलंस?”

“मग काय करणार? दुसरं काही येतं का मला?”

“आणि तारा?” बायको मधेच म्हणाली. “तारांचं खरं सांग.”

“तारांचं काही नाही, आई. दात छान झाले माझे.”

बायकोला बरं वाटायला हवं होतं, पण ती थोडी हिरमुसलीच.

“मग कोणावर आहे ते?” मी विचारलं. आठवडाभर जे विचारायचं टाळत होतो, ते शेवटी तोंडातून गेलं.

ती म्हणाली, “ऑफिसात माझ्या हाताखाली एक नवीन मुलगी आलीय. गेल्या महिन्यात तिचं काम मी परत पाठवलं. पुन्हा परत पाठवलं. एवढीशी चूक होती. तिचं तोंड पाहिलं आणि मला वाटलं, अरे, मी हे माझ्याशी रोज करते. आरशात करते, गाताना करते. एक ओळ लिहिली, की लगेच पट्टी लावते. ते गाणं मी मलाच म्हटलंय.”

“म्हणजे माझ्यावर नाही?”

“आता मला ही पट्टी दिली कोणी, ते तूच सांग.” ती हसली. “अर्धं माझ्यावर आहे बाबा, अर्धं तुझ्यावर. पण जोड नेमका कुठे आहे, तो मलाच सापडत नाही.”

मी म्हटलं, “जोड दिसत नाही म्हणजे वेल्डिंग पास. गा तू.”

“नक्की? समोर बसशील? तोंड पाडून नाही ना?”

“पहिल्या रांगेत बसतो. आणि मेसेजचं काय करू?”

“विचार की. उत्तर द्यायचं की नाही, ते मी ठरवीन.”

शनिवारी आम्ही चिंचवडच्या त्या छोट्या सभागृहात उजेड असतानाच जाऊन बसलो. पोरंपोरी गर्दी करून उभी होती. बसलेले आम्ही दोघंच. तिनं तेच गाणं शेवटी घेतलं. माईक दोन्ही हातांनी धरून तिनं पहिली ओळ म्हटली आणि नंतर आमच्याकडे पाहिलंच नाही. पाहायची गरजही नव्हती. ती गात होती तसं मोकळं बोलताना मी तिला घरात कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा मागची पोरं तिच्याबरोबर म्हणायला लागली आणि बायको माझा हात घट्ट धरून बसली.

माझ्या शेजारी कंपनीच्या टीशर्टातला एक पोरगा उभा होता, बहुतेक शिफ्ट सुटल्यावर थेट आलेला. तो माझ्या कानाशी वाकून ओरडला, “काका, काय लिहिलंय राव! सेम माझा बाप!”

आठवडाभर ज्या गाण्यातून आपलं नाव निघावं म्हणून मी तळमळत होतो, ते असं फुकटात दुसऱ्याच्या बापाला द्यायला मन तयार होईना.

“तुझा नाही,” मी ओरडून म्हटलं. “माझं आहे ते!”

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाकावर टेकला आणि खांद्यावर हात टाकून समजुतीनं म्हणाला, “तुमचेपण वडील तसेच होते का, काका?”