शिवनाथचं पाणी नाल्यात शिरलं तेव्हा

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा पोलादाचा अर्धा कारखाना उभा झाला होता, अर्धा अजून परांच्यांमध्ये होता. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही मरोद्यात मातीची एक खोली भाड्यानं घेतली होती. हे भट्टीवर कामाला. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. लोखंड आम्ही विळ्या-कुदळीपुरतंच पाहिलेलं.

शेजारच्या खोलीत माझ्याच वयाची एक छत्तीसगढी बाई राहायची. ती कारखान्याच्या पायाची माती वाहायची. तिला मराठी येत नव्हतं, मला छत्तीसगढी. मोडक्या हिंदीत बोलायचो, उरलेलं हातांनी सांगायचो.

भादव्यातल्या तीजेच्या सणाला, आपल्या हरतालिकेला, तिकडच्या लेकी माहेरी जातात. त्या वर्षी ह्यांना सुट्टी नव्हती आणि मला एकटीनं भंडाऱ्याला जायची हिंमत नव्हती. माझं उतरलेलं तोंड पाहून ती म्हणाली, "माझ्या माहेरी चल. माझी दाई तुझीही दाई." दाई म्हणजे आई.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "जा ना. एकटी कावून बसून राहतं?"

बोरसी गावावरून आम्ही पायी गेलो. शिवनाथ नदीच्या वळणावर त्यांचं छोटंसं गाव होतं आणि घरांच्या मागून एक नाला येऊन नदीला मिळायचा. दाईनं लेकीसाठी नवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. मला पाहिल्यावर ती आत गेली, पेटीतलं स्वतःचं ठेवणीतलं लुगडं काढून आणलं आणि माझ्या हातात दिलं. संध्याकाळी उपासाच्या आधीचा करूभात, म्हणजे कारल्याची भाजी अन् भात, झाला. आईच्या घरून निघाल्यापासून इतकं पोटभर मी जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उपास. ऊन लख्ख पडलं होतं. आम्ही बायका नाल्यावर धुणं धूत होतो. माझ्या हातून एक काडी पाण्यात पडली, ती नदीकडे जायची सोडून गावाकडे निघाली. मी मैत्रिणीला दाखवलं. तिनं धुणं तिथंच टाकलं अन् ओरडत सुटली, "नाला उलटा फिरला!"

आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वर कुठेतरी खूप पडला असावा. फुगलेली नदी नाल्याचं पाणी घेईना, उलट स्वतःचं पाणी त्यात ढकलू लागली. सगळे समोर नदीकडे पाहत होते आणि पाणी मागून, शेतांतून आलं. आवाज नाही, काही नाही. बघता बघता बांध दिसेनासे झाले.

गावकरी टेकाडाकडे निघाले. कुणी बियाण्याची कोठी उचलली, कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं. माझ्या काखेत बकरीचं पिल्लू दिलं होतं. पाणी कमरेला लागलं तशी मी थांबले.

"मले पोहता येत नाही," मी मराठीतच रडले.

दाईला कळलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "झन डर, नोनी," म्हणाली. भिऊ नको, पोरी. अन् मला ओढतच वर नेलं.

टेकाडावरून आम्ही दाईचं घर पाहत होतो. मागची भिंत भिजत भिजत खाली बसली. मैत्रीण हुंदके देऊ लागली. उपास होता म्हणून निदान चूल कुणाला आठवली नाही.

दिवस मावळताना भिलाईकडचं आभाळ लालभडक झालं.

"काय जळतंय?" दाईनं विचारलं.

मी मोडक्या हिंदीत सांगितलं, लोखंड वितळल्यावर वर जो मळ येतो तो असा पातळ आगीसारखा ओततात. धरतीच्या पोटातून आग ओकणारे डोंगर असतात, त्यातूनही असंच वाहतं, असं हे मला सांगायचे.

"आणि तुझा नवरा त्या आगीजवळ उभा राहतो?"

"रोज."

"मग तू पाण्याला कशी भितेस?"

"तुम्हाला नाही भीती वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली, "पण माझी सगळी लेकरं ह्या नदीतच न्हाली." अन् तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं.

सकाळी पाणी ओसरलं. पुराचं ऐकून हे पाळी संपवून तसेच चिखल तुडवत आले, बूट गळ्यात, हातात भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारातले मुरमुरे. मला बकरीच्या पिल्लासोबत बसलेली पाहून म्हणाले, "तू तं इथंच रमली की!" मग शर्ट काढून त्यांनी दिवसभर दाईच्या भिंतीची माती तुडवली.

वळणाच्या बाहेरच्या काठावरचा दाईच्या शेताचा एक पट्टा नदीनं कापून नेला, तो गेलाच. उरलेल्या शेतावर गाळ बसला आणि पुढच्या साली धान असं आलं, की दाई ओंजळ भरून सगळ्यांना दाखवत फिरली. नंतर आम्हाला क्वार्टर मिळालं, मुलं झाली. भंडाऱ्याला मी उन्हाळ्यात जायची. तीजेला मात्र, दाई होती तोवर, मी शिवनाथच्या काठीच गेले.