नरसय्यांचं नाक

“वास आला का?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“अजून न्हाय मॅडम. चालू द्या की,” रिॲक्टरच्या झाकणावरून नरसय्या म्हणाले.

सोलापुरातल्या एका छोट्या केमिकल कारखान्यात मी आर अँड डी बघते. आम्ही बेंझाल्डिहाइड बनवतो. कडू बदामाच्या वासाचं, अत्तरा-साबणात जाणारं. बेंझिल अल्कोहोलला मोजका ऑक्सिजन दिला की ते तयार होतं. जरा जास्त झाला, की त्याचं बेंझॉइक ॲसिड होतं आणि बॅच वाया जाते.

वर्षानुवर्षं हे काम क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या नारिंगी क्षारावर चालायचं. क्रोम म्हणजे जहर. मला ते हटवायचंच होतं. नवी पद्धत साधी: पाण्यात कॅटॅलिस्टची पिवळसर पावडर, बाजूनं निळे एलईडी, खालून हवा. उजेड पडला की पावडर कामाला लागते. साहेबांनी एकच ट्रायल दिली होती. जमली तर क्रोम बंद, नाहीतर विषय बंद.

नेमकं त्याच दिवशी तपासणीचं जीसी मशीन बिघडलं. मला सर्दी, नाक गच्च. पण नरसय्या होते ना! यंत्रमाग सोडून आमच्याकडे आलेले, वीस वर्षं इथे ऑपरेटर. वासावर बॅच थांबवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. मी निर्धास्त होते.

दुपारी पावडर गाळून पाणी थंड केलं, तर पांढरे स्फटिक खाली बसले. सगळं ॲसिड.

“यापेक्षा आपलं क्रोम काय वाईट होतं?” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

मी नरसय्यांवर डाफरले. “एवढा भपकारा सुटला असणार, तुम्हाला कळलं नाही?”

“मला वासच येत न्हाय मॅडम. तीन वर्सं झाली.”

“मग क्रोमच्या बॅचेस कशा थांबवत होता?”

“रंगावर की. नारिंगीचा हिरवा झाला की बंद करायचं. ह्यात रंगच बदलत न्हाय.”

“अहो, सांगायचं नाही का?”

“घरी बसवलं असतं की,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात टॉर्च मारला. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक. क्रोमच्या वाफाऱ्यानं पडलेलं. वास परत येणं अवघड, म्हणाले.

मी फाईल काढली. दरवर्षीच्या मेडिकल फॉर्मवर ‘नाकाची तक्रार: नाही’. खाली माझी सही. एकदाही त्यांना न विचारता ठोकलेली. लाज वाटली हो, अजून वाटते.

डॉक्टरांचा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “दुसरी ट्रायल घ्या,” एवढंच बोलले.

या वेळी जीसी चालू होतं. बॅच वेळेवर थांबली, माल शुद्ध निघाला. महिनाभरात क्रोम बंद झालं. नरसय्यांना स्टोअरमध्ये काम दिलं.

दुसऱ्या ट्रायलच्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले होते.

“लई वास सुटलाय का मॅडम?”

“हो,” मी म्हणाले.

वासावर बॅच थांबवायची नाही, असा नियम आता भिंतीवर लावलाय. नियम चांगला आहे. माणूस खर्ची पडल्यावर सुचला.