जिन्यातली डबल बेल

जिन्यातलं वरचं बटण बदलताना एक वायर शिल्लक राहिली. ती जास्तीची समजून मी टेप गुंडाळून आत ढकलली. तेव्हापासून मी खालचं बटण दाबल्याशिवाय वरच्या भाडेकरू काकांना दिवा मिळेना.

काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. येरमाळ्याच्या यात्रेची गर्दी गाडीत कोंबण्यात जन्म गेला, त्यामुळं रिकाम्या जिन्यातही ते "सरका पुढं" म्हणतात. एका बेलला थांबायचं, दोनला निघायचं, हा नियम अजून पक्का. गुडघे दुखरे, म्हणून अंधार दिसला की कठड्यावर एकदा ठोकून वरच थांबायचे. मी धडपडत उठून दिवा लावला, की टकटक करून स्वारी निघायची. तक्रार मात्र एका शब्दाची नाही.

शेवटी मलाच लाज वाटली. तीन स्क्रूंचं, दोन्हीकडून चालणारं बटण आणलं, मेन बंद केला, टेपातली वायर सोडवून जोडली. दिवा वरूनही लागला, खालूनही!

सकाळी पुन्हा एकच ठोका.

"काका, वरूनच लावा की! मी दुरुस्त केलंय."

"व्हय, ऐकलं. तुमी केलंय म्हणूनच तर थांबलोय, मालक."