बिनकामाची फेरी

नव्या सुनेनं कमी बोलायचं असतं. त्यामुळे जे दिसतं, ऐकू येतं ते बाहेर पडत नाही, आतच साठत जातं. माझ्या लग्नाला एक होळी झाली, तेवढ्यात पोतंभर किस्से जमले. आणि सगळे एकाच मोटारसायकलीचे.

हे शहापूरला कामाला, गाडी नवी घेतलेली. किन्हवलीच्या आमच्या घरात माणसं इतकी, की नवऱ्याशी दोन वाक्यं सलग बोलायची तर गावाबाहेरच जायला हवं. शिवाय मला समुद्र बघायचा होता. जन्म ठाणे जिल्ह्यात, पण समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. "आधी जवळ फिरू, मग तिकडं," हे म्हणाले.

होळीनंतरचा रविवार. हवा गार, पळस फुललेला. ओटीवर मामंजी.

"कुठं?"

"फिरायला."

"कुनाकडं?"

"कुनाकडं नाय. असंच. फिरून परत येनार."

मामंजींनी बराच विचार केला. "परतच यायचं, तर मंग जाताच कशाला?"

यांनी गाडीला किक मारली. तसेच निघालो.

*

आमच्याकडे गाडी रिकामी जाऊ देणं म्हणजे पाप. वेशीवर पांडूकाकांनी हात केला. त्यांची लेक मुरबाडच्या वाटेवर दिलेली, तिला तांदूळ पोचवायचे होते.

"गाडी रिकामीच चाललीय नं?" त्यांनी विचारलं.

मागे मी बसलेले, नवी साडी नेसून. यांनी मान डोलावली!

गाठोडं आमच्या दोघांच्या मधे बसलं. वाटभर मी त्याच्याशीच बोलले. वाऱ्यात यांना ऐकू जात नव्हतं, ते निदान जवळ तरी होतं.

*

पुढच्या खेपेला पळसाखाली थांबलो. नुसती फुलं बघायला. सायकलवाला थांबला, "पंचर?" मग दूधवाला, मग ट्रॅक्टर. गाडी ठीक आहे हे कुणाला पटेना. ठीक असलेली गाडी रानात कोण उभी करतं? ट्रॅक्टरवाल्याने प्लग काढला, पुसला, परत बसवला. त्यानंतर गाडी काही सुरू झाली नाही.

शेवटी गाडी ट्रॉलीत घातली, शेजारी मी.

"बघा, म्हनलं नव्हतं?" ट्रॅक्टरवाला समाधानाने म्हणाला.

*

ट्रॉलीत बसलेली सून गावाने पाहिली. बातमी म्हसा गावी माझ्या माहेरी पोचेपर्यंत तिचं मोठं भांडण झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने वडील हजर. मी धडधाकट दिसले, तसे ते गोंधळले. आता आलो कशाला, हे सांगायचं कसं?

मामंजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "कसं काय येनं केलं?"

"असंच."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "म्हंजे हे तुमच्याकडनं आलंय."

गाडी दुरुस्त झाली, पण तेव्हापासून तिची किल्ली मामंजींच्या खिशात. काम असेल तरच मिळायची. माझा समुद्रही त्याच खिशात गेला.

*

मग एकदा जेवणं चालू असताना सासूबाई सहज म्हणाल्या, पावसाळ्याची सुकट भरायची राहिलीय, बंदरावर चांगली मिळते, ही दोघं आणतील. काम निघालं, तशी किल्लीही निघाली. माझ्या हातात घडी घातलेलं पोतं आलं.

वसईच्या अंगाला पोचलो. समुद्र कॅलेंडरपेक्षा मळकट होता आणि फारच मोठा. चपला हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, वळलो, पुन्हा चाललो. बोलतच होतो. सुकट वाळवणारी एक कोळीण मघापासून बघत होती. शेवटी हातातलं काम टाकून आली.

"काय हरवलं गो?"

काही नाही म्हटलं. तिला वाटलं, सासूच्या धाकानं लपवतेय. तिने आणखी दोघींना हाका मारल्या. तिघी वाकून वाळू उकरायला लागल्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्हीही वाकलो. उन्हं कलेपर्यंत शोधलं.

सुकट घ्यायची राहिली, हे शहापूर आल्यावर आठवलं. तिथल्याच बाजारातून पोतं भरलं.

घरी सासूबाईंनी मूठभर सुकट हुंगली. मग माझ्या पायांवरची वाळू पाहिली.

"बंदराचीच हाय," त्यांनी मामंजींना सांगितलं आणि पोत्याचं तोंड सुतळीने घट्ट बांधून ते माळ्यावर चढवायला लावलं.

पुढच्या रविवारी मामंजी ओटीवर बसले होते. सासूबाई आतून आल्या, हातात घडी घातलेलं रिकामं पोतं.

"सुकट संपली," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या त्याला."

मी आत जाऊन माळ्यावर डोकावले. सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.